परंपरेचा माणूस, प्रजासत्ताकाची वाट : लोकनायक बापूजी अणे

(रायपूर येथे मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



लोकनायक माधव श्रीहरी अणे यांच्याविषयी रायपुरात बोलायचे, हे आपल्यापैकी काहींना किंचित विचित्र वाटले असेल. बापूजींचा जन्म वणीचा, वकिली यवतमाळची, अखेरच्या निवडणुका नागपूरच्या. त्यांच्या जीवनाच्या नकाशावर रायपूर कोठे येते? परंतु वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला तो १९०३ साली, आणि नागपूर व वऱ्हाड आपल्यापासून वेगळे झाले ते १९५६ साली. मधल्या अर्धशतकाहून अधिक काळ यवतमाळ आणि रायपूर एकाच प्रांतात होती. येथील वकील नागपुरास जात. तेथे झालेले वाद आठवड्याभरात रायपूरच्या वकीलमंडळींत पोहोचत. ज्या माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा या शहरात आहे, त्यांनी टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत आणले. ज्या वामनराव लाखे यांच्या नावाने आपण लाखेनगर ओळखतो, त्यांनी सरकारची रावसाहेब ही पदवी घेतली आणि असहकाराच्या दिवसांत परत केली. पद स्वीकारावे की नाही, स्वीकारले तर केव्हा टाकावे, हा प्रश्न या शहरातील मराठी माणसांना नवा नव्हता. बापूजींचे सारे सार्वजनिक जीवन याच प्रश्नाभोवती फिरले आहे, आणि म्हणून त्यांच्यावर येथे बोलण्यास मला संकोच वाटत नाही.

आरंभीच एक शब्द स्पष्ट केला पाहिजे. बापूजींना मी परंपरानिष्ठ प्रजासत्ताकवादी म्हणणार आहे. आपल्याकडे परंपरानिष्ठ म्हटले की पुराणमतवादी आणि पुराणमतवादी म्हटले की राजनिष्ठ, असा एक सोपा हिशेब केला जातो. राज्यसत्ता प्रजेची असावी असे मानणारा मनुष्य धर्म, कुटुंब, मालमत्ता, भाषा यांबाबतही उलथापालथ इच्छिणारा असलाच पाहिजे, असे गृहीत धरले जाते. वस्तुस्थिती अशी नाही. सिंहासन जावे पण देऊळ राहावे, अधिकारी बदलावा पण कायदा टिकावा, असे मनापासून वाटणारी माणसे प्रत्येक देशात झाली आहेत. त्यांची स्थिती मात्र नेहमी अवघड असते. राजपक्ष त्यांना घरभेदे म्हणतो आणि क्रांतिपक्ष त्यांना अर्धवट म्हणतो.

या जातीच्या माणसाचा एक ठळक नमुना स्पेनमध्ये सापडतो. मिगेल माउरा याचे वडील अंतोनियो माउरा हे राजा तेरावा आल्फोन्सो याच्या कारकीर्दीत पाच वेळा पंतप्रधान झालेले, परंपरापक्षाचे मोठे पुढारी. १८८७ साली माद्रिदमध्ये जन्मलेला हा मुलगा श्रद्धाळू कॅथलिक होता. तरीही राजाने हुकूमशाहीला हात दिला, राज्यघटना गुंडाळून ठेवली, तेव्हा राजेशाही आता सावरता येणार नाही असे त्याचे मत झाले. प्रजासत्ताक येणारच असेल तर ते केवळ डाव्यांच्या हाती का जाऊ द्यावे, असा त्याचा विचार होता. १७ ऑगस्ट १९३० रोजी सान सेबास्तियान या शहरात राजाविरोधी गटांची जी बैठक झाली, तीत तो बसला. डिसेंबरात तुरुंगात गेला. १४ एप्रिल १९३१ रोजी प्रजासत्ताक जाहीर झाले आणि हा पंतप्रधानपुत्र नव्या सरकारचा गृहमंत्री झाला. पुढच्या सहा महिन्यांत काय घडले ते मी नंतर सांगेन. येथे एवढेच लक्षात ठेवावे की त्या १९३० सालच्या पावसाळ्यात, सान सेबास्तियानच्या बैठकीपूर्वी जेमतेम पाच आठवडे, आपल्या प्रांतातील एक पन्नाशीला आलेला वकील पुसदच्या जंगलात विळा घेऊन उभा होता. या दोघांनी एकमेकांचे नाव ऐकले असण्याचा संभव फारसा नाही. परंतु त्यांच्यापुढील कोडे एकच होते.

बापूजींचा जन्म २९ ऑगस्ट १८८० चा. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. काही वर्षे अमरावतीस शिक्षकी करून आणि कायद्याची परीक्षा देऊन ते यवतमाळास वकिली करू लागले. संस्कृत हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय होता आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत तसाच राहिला. राजकारणात त्यांचे दैवत एकच, लोकमान्य टिळक. होमरूलच्या चळवळीत ते शिरले, यवतमाळहून त्यांनी 'लोकमत' साप्ताहिक काढले आणि वऱ्हाडच्या काँग्रेसची धुरा पुढे अनेक वर्षे वाहिली.

या ठिकाणी वऱ्हाडची एक खास स्थिती सांगणे आवश्यक आहे, कारण तिच्यावाचून तेथील माणसांचे प्रजासत्ताकप्रेम नीट समजत नाही. वऱ्हाडवर कारभार इंग्रजांचा होता, पण कागदोपत्री तो मुलूख निजामाचा होता. १९०२ साली लॉर्ड कर्झनने तो निजामाकडून कायमच्या पट्ट्याने घेतला. निजामाने तो परत मागितला आणि १९२६ साली व्हाइसरॉय लॉर्ड रेडिंगने ती मागणी स्पष्ट शब्दांत फेटाळली. पुढे १९३६ च्या करारात निजामाचे सार्वभौमत्व नावापुरते मान्य होऊन त्याच्या युवराजास 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली. म्हणजे यवतमाळच्या शेतकऱ्याला दोन राजे होते, एक लंडनला आणि एक हैदराबादला. दोघांमध्ये त्याच्या गावाबद्दल पत्रव्यवहार चाले आणि त्याला मात्र कोणी विचारीत नसे. राज्य कोणाचे, हा प्रश्न इतरत्र ग्रंथांत असेल. वऱ्हाडात तो सातबाऱ्याच्या कागदाइतका जवळचा होता. वारसाहक्काने आलेल्या सत्तेविषयीचा अविश्वास बापूजींसारख्या परंपरेच्या माणसात कसा रुजला असेल, याचा काही उलगडा यातून होतो.

टिळकांनी अमृतसरच्या काँग्रेसमध्ये, १९१९ साली, एक सूत्र मांडले होते. त्याला मराठीत प्रतियोगी सहकारिता म्हणत. सरकार जेवढे हात पुढे करील तेवढाच आपण करावा. मिळेल ते घ्यावे आणि उरलेल्यासाठी भांडावे. टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी गेले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस नागपूरच्या काँग्रेसने असहकाराचा ठराव संमत केला. टिळकांच्या अनुयायांपुढे मोठा पेच उभा राहिला. गुरूचे सूत्र सोडावे की संस्था सोडावी? काही सोडून गेले, काही पूर्णपणे नव्या वाटेला लागले. बापूजींनी तिसरी गोष्ट केली. संस्थेत राहिले आणि आपली शंकाही जवळ ठेवली.

१९२३ च्या निवडणुकीत मध्य प्रांताच्या विधिमंडळात स्वराज्य पक्षाला निर्विवाद बहुमत मिळाले. पक्षाचे धोरण अडवणुकीचे असल्यामुळे मंत्रिपद घ्यावयाचे नव्हते. दोन वर्षांनी, १९२५ च्या ऑक्टोबरात, विधिमंडळाचे अध्यक्ष श्रीपाद बळवंत तांबे यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातील जागा स्वीकारली आणि सारा पक्ष दुभंगला. केळकर, जयकर, मुंजे यांनी प्रतियोगी सहकारितेचा झेंडा उघडपणे उभारला आणि बापूजी त्यांच्याबरोबर गेले. या वादाशी छत्तीसगडचाही निकटचा संबंध आहे. बिलासपूरचे बॅरिस्टर ई. राघवेंद्र राव याच वाटेने जाऊन मंत्री झाले, १९३६ साली काही महिने प्रांताचे हंगामी गव्हर्नर झाले आणि १९३७ च्या अंतरिम मंत्रिमंडळाचे मुख्यही झाले. अणे आणि राव या दोघांची नावे पुढे आणखी एकदा शेजारी येणार आहेत, म्हणून ती आपण स्मरणात ठेवावीत.

१९२८ साली भारताच्या घटनेचा आराखडा करण्यासाठी मोतीलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तीत हिंदुमहासभेच्या वतीने बापूजी होते. समितीने वसाहतीचे स्वराज्य मागितले, म्हणजे राजमुकुट राहणार होता. त्या अहवालावर सही करणारा मनुष्य दोन वर्षांच्या आत कायदेभंगाला उभा राहिला. हे कसे घडले?

मध्य प्रांत आणि वऱ्हाडला समुद्र नाही, त्यामुळे मीठ तयार करून कायदा मोडण्याची सोय नव्हती. परंतु येथे जंगल होते आणि जंगलाचा कायदा मिठाच्या कायद्याहून रोजच्या जीवनात अधिक टोचत होता. राखीव जंगलातील गवत परवान्यावाचून कापणे हा गुन्हा. गुरे शिरली तर कोंडवाड्याचा दंड. सरपणाची मोळी आणली तरी खटला. पिढ्यान् पिढ्या जे रान गावाचे म्हणून वापरले, तेथे आता रखवालदाराची मेहेरबानी लागे. बापूजींनी हा कायदा निवडला. १० जुलै १९३० रोजी पुसदजवळच्या राखीव जंगलात त्यांनी गवत कापले आणि अटक करून घेतली. पाठोपाठ वऱ्हाडात जंगल सत्याग्रहाची लाट उठली. तिचे लोण आपल्याकडेही पोहोचले. गट्टासिल्ली, रुद्री-नवागाव, तमोरा ही नावे रायपूरकरांना सांगावयास नकोत. रुद्री-नवागावला तर गोळीबार झाला.

ज्याने आयुष्य कायद्याच्या पुस्तकांत घालविले त्याने कायदा मोडावा, यात विसंगती आहे असे मला वाटत नाही. परंपरानिष्ठ मनुष्य कायद्याला मानतो तो रूढीचे दुसरे रूप म्हणून. गवतावरचा गावाचा हक्क ही जुनी रूढी होती आणि सरकारचा जंगल कायदा हा नवा उपटसुंभ होता. पुसदच्या रानात विळा उचलणारे बापूजी स्वतःला बंडखोर समजत नसावेत. जुने ते परत मागणारा वादी समजत असावेत. शिवाय सारा कार्यक्रम अगोदर जाहीर करून, शिक्षेस तयार राहून झाला. कोर्टाला तोंड द्यायचे, पळायचे नाही, हा वकिलाचा स्वभाव तेथेही सुटला नाही.

१९३३ मध्ये काँग्रेसचे थोर पुढारी तुरुंगात असताना हंगामी अध्यक्षपद बापूजींकडे आले. मे महिन्यात गांधीजींनी हरिजनकार्यासाठी एकवीस दिवसांचे उपोषण आरंभिले. सरकारने त्यांना सोडले आणि त्यांच्या सल्ल्यावरून बापूजींनी चळवळ सहा आठवडे तहकूब केली. जुलैत पुण्यास अनौपचारिक परिषद झाली. त्यानंतर सामुदायिक कायदेभंग थांबवून वैयक्तिक कायदेभंग ठेवावा आणि काँग्रेसच्या समित्या तूर्त विसर्जित कराव्यात, असे निवेदन हंगामी अध्यक्ष म्हणून त्यांनाच काढावे लागले. सुभाषचंद्र आणि विठ्ठलभाई पटेल यांनी तहकुबीविरुद्ध व्हिएन्नाहून कडक पत्रक काढले होते. ज्याला सत्याग्रहाविषयी पहिल्यापासून शंका होती, त्याच्याच सहीने सत्याग्रह आवरला जावा, हा योगायोग चमत्कारिक खरा. पण बापूजींनी तेव्हा पूर्वीच्या शंकांचा हिशेब मांडला नाही. जे ठरले ते त्यांनी आपल्या नावाने जाहीर केले आणि रोष पत्करला.

आता स्पेनकडे पुन्हा वळू. गृहमंत्री माउरापुढे महिनाभरातच, मे १९३१ मध्ये, माद्रिदमधील मठ जळू लागले. बंदोबस्तासाठी सशस्त्र शिपाई पाठवू द्या, असे तो मंत्रिमंडळाला विनवीत होता आणि सहकारी कचरत होते. दुसऱ्या बाजूस, प्रजासत्ताकाला उघड विरोध करणाऱ्या कार्डिनल सेगुरास देशाबाहेर घालविण्याचा हुकूमही याच श्रद्धाळू कॅथलिकाने दिला. ऑक्टोबरात घटनेचे सव्विसावे कलम आले. जेझुइट संघ बरखास्त, धर्मसंघांना शिकविण्यास बंदी, पाद्र्यांचे सरकारी वेतन बंद. १४ ऑक्टोबर १९३१ रोजी हे कलम संमत होताच माउरा आणि पंतप्रधान अल्काला-सामोरा या दोघांनी राजीनामे दिले. तथापि माउरा राजपक्षाकडे गेला नाही. १९३२ च्या आरंभी त्याने आपला वेगळा पक्ष काढला आणि त्याच्या नावात प्रजासत्ताक हा शब्द कायम ठेवला.

तीन वर्षांनी भारतात जवळजवळ हेच घडले. ब्रिटिश पंतप्रधानांचा जातीय निवाडा १६ ऑगस्ट १९३२ रोजी जाहीर झाला होता. विभक्त मतदारसंघांची जी रचना त्याने केली, तिच्यात पुणे कराराने अस्पृश्यवर्गापुरता बदल झाला. बाकी निवाडा तसाच राहिला. जून १९३४ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने ठरविले की हा निवाडा आपण स्वीकारीत नाही आणि नाकारीतही नाही. मदनमोहन मालवीय आणि अणे यांना हे मान्य होईना. जे अनिष्ट आहे ते नाकारलेच पाहिजे, या भूमिकेवर दोघांनी राजीनामे दिले आणि ऑगस्टमध्ये कलकत्त्यास काँग्रेस नॅशनलिस्ट पक्ष स्थापन केला. पक्षाच्या नावातील काँग्रेस हा शब्द त्यांनी सोडला नाही, हे माउराच्या पक्षाशी ताडून पाहण्यासारखे आहे. उलट काँग्रेसनेही मालवीय आणि अणे यांच्याविरुद्ध उमेदवार उभे न करण्याचे ठरविले. मतभेद असा सभ्यपणे होऊ शकतो, हे आज ऐकताना नवल वाटते. त्या वर्षीच्या निवडणुकीत नव्या पक्षाला विशेष यश बंगालमध्ये मिळाले, आणि मध्यवर्ती विधिमंडळात त्याचे नेतृत्व बापूजींनी केले.

या राजीनाम्याचे मूल्यमापन सरळ नाही. नागरिकाने मत द्यावे ते नागरिक म्हणून, धर्माच्या पेटीत नव्हे, हे प्रजासत्ताकाचे मूलतत्त्व आहे आणि १९५० च्या घटनेने तेच स्वीकारले. त्या दृष्टीने बापूजींचे म्हणणे काळाच्या कसोटीस उतरले. परंतु ते बोलत होते ते बहुसंख्य समाजाच्या एका संघटनेशी जवळीक ठेवून. त्यामुळे मुसलमान किंवा शीख श्रोत्यास त्यांचे समान नागरिकत्वाचे तत्त्व आणि हिंदूंच्या जागांचा हिशेब यांतील सीमारेषा दिसणे कठीण होते. माउराचीही हीच अडचण होती. तो शिक्षणस्वातंत्र्याविषयी बोले आणि मठ जाळणाऱ्यांना त्यात केवळ पाद्र्यांचा पक्ष ऐकू येई. परंपरेच्या माणसाने मांडलेले सार्वत्रिक तत्त्व त्याच्या पोशाखावरून ओळखले जाते, हे त्याचे दुर्दैव. आणि आपला पोशाख इतरांना कसा दिसतो याचा विचार न करणे, ही त्याची उणीव.

बापूजींच्या जीवनातील सर्वांत वादग्रस्त प्रकरणाकडे आता आपण येतो. जुलै १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा विस्तार जाहीर झाला. त्यात मुलकी संरक्षण खाते मिळाले बिलासपूरच्या राघवेंद्र राव यांना आणि परदेशस्थ भारतीयांचे खाते मिळाले यवतमाळच्या अणे यांना. एकाच प्रांतातील, एकाच सूत्राचे हे दोन अनुयायी दिल्लीच्या एका टेबलाशी बसले. काँग्रेस वैयक्तिक सत्याग्रहात होती. तिच्या दृष्टीने हे पदग्रहण म्हणजे शत्रूच्या छावणीत जाणे होते. बापूजींच्या दृष्टीने ते टिळकांच्या सूत्राचे पालन होते. ब्रह्मदेश, मलाया, सिलोन येथे लक्षावधी भारतीय होते, युद्ध त्यांच्या दाराशी येत होते, आणि त्यांच्याकडे पाहणारे कोणीतरी दिल्लीत हवे होते.

राघवेंद्र राव १९४२ च्या जूनमध्ये वारले. ऑगस्ट त्यांना पाहावा लागला नाही. अण्यांना तो पाहावा लागला, आणि तो त्यांच्या घरापर्यंत आला. चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे १६ ऑगस्टला गोळीबार झाला, जमावाने अधिकाऱ्यांना ठार केले आणि त्यानंतर बंदोबस्तासाठी आलेल्या तुकड्यांनी गावावर, विशेषतः स्त्रियांवर, अत्याचार केल्याच्या कहाण्या बाहेर आल्या. चौकशीची मागणी सरकारने मानली नाही. तेव्हा सेवाग्रामच्या आश्रमातील प्राध्यापक भन्साळी दिल्लीस गेले. व्हाइसरॉयच्या मंडळात आपल्याच भागातील एक गृहस्थ आहेत, ते चिमूरला येतील, निदान चौकशी मागतील, ही त्यांची अपेक्षा. बापूजींनी तसे करण्यास असमर्थता दाखविली. भन्साळी त्यांच्या दाराशी उपोषणास बसले. सरकारने त्यांना तेथून हलविले. उपोषण पुढे सुमारे दोन महिने चालले आणि जानेवारी १९४३ मध्ये तडजोडीने सुटले.

या प्रसंगावर मी अनेकदा विचार केला आहे. मंडळाचा एक सदस्य म्हणून दुसऱ्याच्या खात्यात हात घालता येत नाही, हा नियम बापूजी पाळीत होते, असे त्यांच्या बाजूने म्हणता येईल. नियम खरा होता. पण दाराशी उपाशी बसलेला मनुष्य नियम विचारीत नव्हता. चिमूरच्या स्त्रिया त्यांच्या वऱ्हाडच्या शेजारच्या होत्या, त्यांच्याच भाषेत बोलणाऱ्या होत्या. पुसदच्या गवतासाठी ज्यांनी कायदा मोडला, त्यांना चिमूरसाठी खात्याची हद्द ओलांडता आली नाही. त्यांच्या चरित्रातील हा डाग आहे आणि त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांनीच तो प्रथम सांगितला पाहिजे. आतून काम करू म्हणून आत गेलेल्या माणसावर ही वेळ केव्हातरी येतेच. आतील शिस्त आणि बाहेरचा आक्रोश यांतून निवड करावी लागते, आणि पहिल्या वेळी तो बहुधा शिस्त निवडतो.

दुसरी वेळ लवकरच आली. १० फेब्रुवारी १९४३ रोजी गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये एकवीस दिवसांचे उपोषण सुरू केले. सरकार त्यांना सोडण्यास तयार नव्हते. १७ फेब्रुवारीला होमी मोदी, नलिनीरंजन सरकार आणि अणे यांनी राजीनामे दिले. उपोषणाबाबत काय करावे या मूलभूत प्रश्नावर सरकारशी मतभेद झाल्याचे कारण त्यांनी दिले. युद्ध ऐन भरात होते, इतर सदस्य जागेवर राहिले, आणि या तिघांना जाऊन कोणताही लाभ नव्हता. ज्या गांधीमार्गाविषयी बापूजी तेवीस वर्षे शंका घेत आले, त्या गांधींचे प्राण वाचविण्यासाठी त्यांनी आपले पद टाकले. चिमूरची भरपाई यात झाली की नाही हे मी ठरविणार नाही. शंका आणि आदर एका अंतःकरणात राहू शकतात, एवढे मात्र दिसते. पुढे त्यांच्या खात्याची जबाबदारी आपल्याच प्रांताचे माजी मुख्य डॉ. ना. भा. खरे यांच्याकडे गेली. आणि बापूजी त्याच वर्षी सरकारचे प्रतिनिधी म्हणून सिलोनला गेले. राजीनामा देणाऱ्याने त्याच सरकारची दुसरी नेमणूक घ्यावी, यावर टीका झाली आणि ती अस्थानी नव्हती. पण तेथील चहामळ्यांतील तमिळ मजुरांच्या हक्कांचा प्रश्न खरा होता, आणि तो त्यांच्या परिचयाचा होता.

पुढे ते घटना समितीत आले. जानेवारी १९४८ मध्ये बिहारचे गव्हर्नर झाले आणि १९५२ च्या जूनपर्यंत त्या पदावर राहिले. या काळातील एक गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. १९४८ साली भारत स्वतंत्र असला तरी राष्ट्रकुलातील वसाहतीचे स्वराज्य होते, राजा सहावा जॉर्ज होता. २६ जानेवारी १९५० रोजी प्रजासत्ताक झाले. पाटण्याच्या राजभवनातील मनुष्य तोच राहिला, खुर्ची तीच राहिली, केवळ कोणाच्या नावाने बसायचे ते बदलले. १९२८ च्या आराखड्यावर सही करणाऱ्या माणसाने राजमुकुटापासून प्रजेपर्यंतचे अंतर एकही काच न फुटता ओलांडले. स्पेनमध्ये हेच अंतर कापताना मठ जळाले, १९३६ साली यादवी पेटली आणि माउराला देश सोडावा लागला. १९५३ साली तो परतला, तोवर त्याचे प्रजासत्ताक उरले नव्हते. राजा कसा गेला याची आठवण लिहिणारा ग्रंथ १९६२ साली प्रसिद्ध करून तो १९७१ मध्ये वारला. त्याच्याजवळ निष्ठेची उणीव नव्हती. त्याच्या देशात मधल्या जागेवर उभे राहण्याइतकी जमीन शिल्लक राहिली नाही.

बापूजींना ती जमीन मिळाली, आणि त्यांनी तिच्यावर आणखी एक भांडण उभे केले. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ साली वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. ती बाजूस ठेवून १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यास जोडले गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. त्या एका दिवशी येथील कित्येक मराठी घरांचे नागपूर परराज्य झाले. बापूजींनी विदर्भाच्या बाजूने उभे राहून, ऐंशीच्या उंबरठ्यावर, १९५९ साली नागपूरची लोकसभेची पोटनिवडणूक लढविली आणि जिंकली. १९६२ मध्ये पुन्हा जिंकले. मराठी भाषिकांचे एकच राज्य असावे, असे मानणाऱ्या कोट्यवधींच्या भावनेविरुद्ध ते उभे होते. ते बरोबर होते की चूक, यावर या सभागृहातही एकमत होणार नाही. पुढे चव्वेचाळीस वर्षांनी, त्याच १ नोव्हेंबरच्या तारखेला, २००० साली छत्तीसगड वेगळे राज्य झाले. विदर्भाचा प्रश्न मात्र तसाच राहिला. २०१६ साली बापूजींचे नातू श्रीहरी अणे यांनी याच विषयावरील आपल्या मतांमुळे उठलेल्या वादळात महाराष्ट्राच्या महाधिवक्तापदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याची ही परंपरा घराण्यात उतरलेली दिसते.

सभ्य स्त्रीपुरुषहो, बापूजींनी किती पदे भूषविली याची यादी फार मोठी आहे. मी ती मुद्दाम त्रोटक सांगितली. त्यांचे मोठेपण, आणि त्यांची मर्यादाही, पदांच्या दारात दिसते. ते आत जाण्यास कचरत नसत, म्हणून आयुष्यभर त्यांना तत्त्वशून्य म्हणणारे लोक भेटले. पण बाहेर पडताना त्यांनी घराला आग लावली नाही. १९३४ मध्ये काँग्रेसमधून बाजूला झाले आणि काँग्रेसचे नाव जपले; १९४३ मध्ये सरकारातून बाहेर पडले आणि कारण सांगून घरी गेले. १९४२ च्या शरदात बाहेर पडायला हवे होते तेव्हा ते पडले नाहीत, हेही त्याच जमाखर्चात लिहिले पाहिजे. संस्थांवर विश्वास ठेवणाऱ्या माणसाला संस्था कोणत्या क्षणी विश्वासास अपात्र झाली, हे ओळखता आले पाहिजे. तो क्षण त्यांना एकदा ओळखता आला, एकदा आला नाही. आपल्यापैकी ज्यांनी नगरपालिकेत, सहकारी बँकेत, शाळेच्या मंडळात काम केले आहे, त्यांना हा हिशेब स्वतःच्या बाबतीतही मांडता येईल.

बापूजी वारले ते २६ जानेवारी १९६८ रोजी. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण देण्यात आले. लोकमान्यांचे चरित्र ते संस्कृत श्लोकांत रचीत होते. 'श्रीतिलकयशोर्णव' हा तो ग्रंथ त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला आणि १९७३ साली त्यास साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. म्हातारपणी, लोकसभेतील भाषणे आणि विदर्भाच्या सभा सांभाळून, हा मनुष्य अनुष्टुभ छंदात आपल्या गुरूशी बोलत बसला होता. प्रतियोगी सहकारितेचे सूत्र आपण नीट पाळले की नाही, हा प्रश्न त्या वेळी त्यांच्या मनात आला असेल काय? असेल, असे मला वाटते. माझे बोलणे मी येथे संपवितो.